चूल एक, सातबारा वेगळा

वडील गेले की महाराष्ट्रातल्या बहुतेक शेतकरी घरांत तेराव्यानंतर दोन गोष्टी होतात. तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज जातो आणि बहिणीला फोन जातो. फोनवर जमिनीचं कुणी बोलत नाही. तब्येत, पाऊस, पोरांच्या परीक्षा असं सगळं झाल्यावर फोन ठेवता ठेवता येतं, ‘तेवढी एक सही राहिलीय.’ सही हक्कसोडपत्रावरची. बहुतेक बहिणी करतात. ज्या करत नाहीत त्यांच्याबद्दल गावात काय बोललं जातं ते इथं लिहायला नको.

खालच्या संवादातले मामा आणि भाची कल्पित आहेत, भांडण मात्र खरं आहे. मामा सातारा जिल्ह्यातले, पुरवठा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. भाची नीता पुण्यात कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. तिच्या आईची, म्हणजे मामांच्या अक्काची, सही बाकी आहे. आजी मामांच्या घरी मागच्या खोलीत अंथरुणाला खिळून आहे. माझा कल भाचीकडे आहे हे आधीच सांगून टाकतो. पण मामांच्या एका प्रश्नाचं उत्तर तिच्यापाशी नव्हतं आणि माझ्यापाशीही नाही.

मामा : कुटुंब म्हणजे काय हे मला पुस्तकात बघावं लागत नाही, नीता. अख्खी नोकरी त्यातच गेली. रेशन कार्ड विभक्त करून द्या म्हणून माणसं यायची. दोघं भाऊ, एकच घर, आणि म्हणायची, आम्ही वेगळं राहतो. मी जागेवर जायचो. स्टोव्ह दोन मांडलेले असायचे. मी स्टोव्ह बघतच नव्हतो, फळीवरची चटणी बघायचो. वर्षाच्या चटणीचा डबा एकच असला की कार्डही एकच. ज्यांची चटणी एक ते कुटुंब. सोपं आहे.

भाची : जनगणनेतही थोड्याफार फरकानं तेच आहे. एका स्वयंपाकघरातलं जेवतात ते एक कुटुंब. इरावतीबाई कर्व्यांनी १९५३ च्या ग्रंथात एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या त्यातही चूल आहे. एक छप्पर, एका चुलीवरचं अन्न, सामाईक मालमत्ता, सामाईक देवधर्म आणि आपसांतलं नातं.

मामा : चूल आली ना? मग झालं.

भाची : मालमत्ताही आली, मामा. आईचं लग्न झालं, छप्पर बदललं, चूल बदलली, कुलदैवत बदललं. मालमत्तेत तर तिला जागाच नव्हती. महाराष्ट्रानं १९९४ साली दिली तीसुद्धा लग्न न झालेल्या मुलींना. देशाच्या कायद्यानं २००५ साली सगळ्या मुलींना दिली. तरी लोक कोर्टात भांडतच राहिले, कायदा लागू झाला त्या तारखेला बाप जिवंत होता की नव्हता म्हणून. शेवटी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की मुलीचा हक्क जन्मानं येतो, बापाच्या मरणाच्या तारखेनं नाही. एवढं सगळं झाल्यावर आता तुम्ही म्हणताय, सोड.

मामा : सोड म्हणत नाही. पिढ्यान्‌पिढ्या सोडत आल्या, त्यामागं काहीतरी असेल की नाही? तुझा जन्म ह्या घरात झाला. अक्काची दोन्ही बाळंतपणं इथं झाली. तुझ्या वडलांची गिरणी बंद पडली तेव्हा वर्षभर पोती इथनं गेली, कुणी लिहून ठेवली नाहीत. माहेर म्हणतात त्याला. हिस्सा घेतला की बहीण भागीदार होते. भागीदाराला दिवाळीला आणायला कुणी एसटी स्टँडवर जात नाही.

भाची : पोती आली हे मी विसरलेली नाही. पण चार एकर बागायतीचा तिसरा हिस्सा आणि ज्वारीची पोती यांचा हिशोब एकदा मांडूया म्हटलं तर तुम्हाला राग येईल.

मामा : येईलच.

भाची : राग का येतो ते बघा. माहेर तुटेल ही भीती फक्त बहिणीला. भाऊ वाटण्या करतात, बांधावरून डोकी फोडतात, आणि पुढच्या जत्रेला एका पंगतीत बसतात. भावाभावांच्या वाटणीनं कुटुंब मोडत नाही, बहिणीच्या सहीनं कसं मोडतं?

(मामांनी इथं पान लावलं. पुरवठा खात्यातली माणसं पटकन उत्तर देत नाहीत, असा माझा अनुभव आहे.)

मामा : तू समाजशास्त्र शिकवतेस. जगात कुठं बहिणीच्या हातात जमीन देऊन घरं टिकली ते सांग.

भाची : फार लांब नको, केरळात चला. आपण मलबारातले नायर असतो ना मामा, तर तुम्ही माझ्या घरचे कारणवर असता. घराचा कारभार तुमच्या हातात, आणि वारस मी. तुमचा राजू नाही.

मामा : मग राजूनं काय करायचं?

भाची : तो मामींच्या घरचा. मामी त्यांच्या आईच्या घरी राहणार, तुम्ही तुमच्या आईच्या. तुम्ही संध्याकाळी जेवून मामींकडे जायचं आणि सकाळी परत यायचं. तरवाड म्हणायचे त्या घराला. आई, तिचे भाऊ, मुली, मुलींची मुलं असा गोतावळा. बाप पाहुणा, मामा कारभारी.

मामा : (हसून) व्यवस्था वाईट नाही. पण बापानं जीव कुणाला लावायचा?

भाची : लावायचे की. जीव आणि जमीन ह्या दोन वाटा वेगळ्या होत्या, एवढंच. पुरुष लढाईला लांब जाणारे, जमीन फुटू द्यायची नाही, घराचा कणा बायकांकडून चालणारा. त्या कामाला तेच कुटुंब सोयीचं होतं.

मामा : मग ती सोय मोडली का?

भाची : शिकलेले तरुण नायर पुरुष म्हणायला लागले, आम्ही कमवायचं आणि मालकी बहिणीच्या पोरांची का? आमच्या बायकापोरांना हवं. त्रावणकोरात १९२५ च्या कायद्यानं आणि मलबारात १९३३ च्या कायद्यानं वाटणीची वाट मोकळी झाली. पुढं केरळ सरकारनं १९७५ साली कायदा करून हिंदू एकत्र कुटुंबाची पद्धतच संपवली. त्या नावाखाली जमीन धरून ठेवता येईना.

मामा : आणि मग तिथल्या बायका कुठं गेल्या?

भाची : नवऱ्याच्या घरी.

मामा : हुंडा?

भाची : तोही आला.

मामा : हे तू मला शिकवायला निघाली होतीस? वाटणीचा हक्क मिळाला आणि डोक्यावरचं घर गेलं. पूर्वी नवरा बरा नसला तर दार लावून घेता येत होतं. आता दार त्याचं.

भाची : मोडायला निघाले ते पुरुष होते, हे तुम्ही गाळताय. पण तुमचा मुद्दा खरा आहे. नुसत्या वाटणीचा कायदा पुरत नाही. म्हणून मेघालयातल्या खासींचं उदाहरण द्यायचं होतं मला. त्यांच्यात सगळ्यांत धाकटी मुलगी घर राखते. आईचं घर तिला, वडिलोपार्जित मालमत्तेचा मोठा वाटा तिला. आणि त्याबरोबर म्हातारे आईबाप तिच्याकडे, घरातले विधी तिच्याकडे, परत आलेली बहीण किंवा अडचणीत आलेला भाऊ तिच्या दारी. हवं ते विकून मोकळी होईल असं तिला करता येत नाही. मामाचा शब्द तिथंही चालतो, पण घर आणि घरातली माणसं एकाच हातात.

मामा : हे मला पटतं. जो सांभाळेल त्याचं घर.

भाची : हे वाक्य लक्षात ठेवा, मामा.

मामांनी ते लक्षात ठेवलं की नाही ते पुढं दिसेल. तोवर ते दुसऱ्याच गोष्टीवर अडले होते. त्यांचं म्हणणं, तऱ्हा कितीही असोत, मुळात आई, बाप आणि लेकरू ह्या तिघांखेरीज कुटुंब कुठंच नाही. असं म्हणणारे ते एकटे नाहीत. मर्डॉक नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं १९४९ साली अडीचशे समाजांची माहिती जुळवून हेच सांगितलं होतं. भाचीनं त्यावर दक्षिण सुदानच्या न्युएर लोकांची गोष्ट काढली. तिथं माणूस वारस न ठेवता मेला तर त्याचा भाऊबंद त्याच्या नावानं लग्न करतो, आणि होणारी मुलं मेलेल्याची मानतात. मूल न होणारी बाई स्वतः गुरं देऊन दुसरी बाई वरते, कुणा पुरुषाकडून झालेली तिची मुलं आपल्या नावावर वाढवते, आणि त्या मुलांचा बाप म्हणून तिचाच मान. तिला वाटलं मामा हबकतील.

मामा : त्यात काय? पांडूची पाच मुलं कुणाची होती? आणि पांडू कुणाचा? आपल्याकडं नियोग होता. इतिहासकार राजवाड्यांनी शंभर वर्षांमागं विवाहसंस्थेचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा तो अनेकांना झोंबला. मी वाचलाय. रक्ताचं मी म्हणतच नाही. मी म्हणतो, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी पुढं होऊन म्हणतं की हे लेकरू आमचं, ही म्हातारी आमची. ते म्हणणारी माणसं म्हणजे कुटुंब.

भाची : मग चटणीचा डबा?

मामा : तो कार्डापुरता.

भाची : तसं नाही. तुमच्या नोकरीत त्या डब्यावर माणसांचं धान्य ठरलं. ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या ना तुमच्या तालुक्यात?

मामा : यायच्या. बीडच्या, जामखेड-पाथर्डीच्या. दिवाळीनंतर यायच्या, उन्हाळा लागला की जायच्या. कारखान्याजवळ कोप्या टाकायच्या.

भाची : त्यांचं कुटुंब तुम्ही कसं मोजलंत?

मामा : मोजलंच नाही. कार्ड गावाकडं. चूल सहा महिने माझ्या हद्दीत, धान्य त्यांच्या गावच्या दुकानात. बाया यायच्या ऑफिसात, साहेब, निदान गहू तरी द्या. आता कार्ड कुठंही चालतं, तेव्हा चालत नव्हतं. मी काय देणार? लेकरं काही बरोबर, काही म्हातारीपाशी गावाला. त्यांच्या चुली दोन आणि कुटुंब एक, हे मला दिसत होतं. फॉर्मवर ते लिहायला रकाना नव्हता.

भाची : आणि कोयता म्हणजे काय हेही माहीत असेल.

मामा : नवराबायको मिळून एक कोयता. तो तोडणार, ती मोळ्या बांधून डोक्यावरनं गाडीपाशी नेणार. मुकादमाची उचल जोडीला. एकटा माणूस आला तर अर्धा कोयता. आजारी पडून दिवस बुडाला की खाडा, तोही जोडीच्या नावावर.

भाची : म्हणून पोरगा जरा हाताशी आला की त्याचं लग्न लावायची घाई. पोरगी पंधरा-सोळाची असली तरी चालते, कारण बायको आली की अर्ध्याचा पूर्ण कोयता होतो. सांगा, ते कुटुंब कुणी घडवलं? संस्कारांनी, की साखरेच्या हंगामानं?

मामा : हंगामानं. कबूल.

भाची : आणि मुंबईत उलटं. गिरणीला पुरुष हवे होते, त्यांची बायकामुलं नको होती. परळ-लालबागला गावाच्या खोल्या होत्या, एकेका खोलीत एकाच गावची वीस-तीस माणसं पाळीपाळीनं झोपायची. जेवायला खानावळ. खानावळवाली बाई कुणाची कुणी नव्हे, पण बंद गिरणीच्या काळात उधारीवर ह्याच बायकांनी जेवू घातलं. घरी मनिऑर्डर. कोकणातल्या, घाटावरच्या कितीतरी घरांत नवराबायकोनं अख्ख्या संसारात वर्षातला एखादा महिना एकत्र काढला. त्यांना कुटुंब नव्हतं असं म्हणाल?

मामा : माझे चुलते तसेच होते. म्हणणार नाही.

भाची : म्हणजे जमीन, गिरणी, कारखाना, फौज, जिथं ज्या कामाला जशी माणसं लागली तसं कुटुंब कापलं किंवा जोडलं गेलं. आणि नंतर त्यालाच परंपरा म्हटलं. तुमची गाडी कुठली?

मामा : मारुती. तिचं काय?

भाची : मारुतीचा करार झाला तेव्हा सुझुकी कंपनी चालवणारे ओसामू सुझुकी जन्मानं सुझुकी नव्हतेच. मात्सुदा होते. संस्थापकाच्या नातीशी लग्न झालं, सासरी दत्तक गेले आणि कंपनी त्यांच्या हाती आली. जपानात ही जुनी रीत. मुलगा नसला किंवा कर्तबगार निघाला नाही तर जावई दत्तक घ्यायचा. घराणं म्हणजे पेढी, ती चालली पाहिजे, रक्त दुय्यम. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ साली त्यांच्या कायद्यातून घराण्याची पद्धत गेली, पण मोठे कर्ते पुरुष दत्तक घेणं काही थांबलं नाही.

मामा : इथं जावई घरात आला तर घरजावई म्हणून हसतात.

भाची : कारण इथं सुनेनं यायचं ठरलंय.

मामा थोडे सावरून बसले. इथून पुढचं बोलणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आत्तापर्यंत भाची दाखवत होती की कुटुंबाचा आकार कुणी देवानं आखून दिलेला नाही, आणि मामा न भांडता ते मान्य करत होते. एवढ्यावर वाद संपला असता तर लिहिण्यासारखं काही नव्हतं.

मामा : ठीक आहे. आकार बदलतो. पण माझा मुद्दा आकाराचा नव्हताच. तुझी आजी दीड वर्ष पडून आहे. तिची कूस रात्रीतनं तीनदा बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. आता सांग, तुझ्या ह्या सगळ्या देशांत रात्री तीन वाजता कोण उठतं?

भाची : काही ठिकाणी ते काम समाजानं घेतलंय. इस्रायलमध्ये किबुत्झ म्हणून वसाहती आहेत, पहिली १९१० ची. शेती सामाईक, जेवणघर सामाईक, मुलंसुद्धा. बऱ्याच किबुत्झांत मुलं रात्री आईबापांजवळ झोपायची नाहीत, मुलांच्या वेगळ्या घरात झोपायची.

मामा : अजून झोपतात?

भाची : नाही. हळूहळू बंद होत गेलं. नव्वदच्या दशकापर्यंत मुलं घरी परत आली. आयांनाच ती रात्री जवळ हवी होती.

मामा : बघ!

भाची : पण आणखी एक बघा. समानतेसाठी उभ्या केलेल्या त्या वसाहतींत मुलांच्या घरात, धुलाईत, स्वयंपाकात काम कोण करत होतं? बहुतेक बायकाच. घरातलं काम उचलून मोठ्या शेडमध्ये नेलं, हात तेच राहिले. स्वीडननं दुसरी वाट धरली. १९७१ पासून नवराबायकोच्या कमाईवर वेगवेगळा कर, म्हणजे बायकोनं कमावण्यात तोटा नाही. म्हाताऱ्यांना सांभाळणं ही मुलांची कायदेशीर जबाबदारी नाही, नगरपालिकेची. तिथंही ते काम जास्त करून बायकाच करतात, पण पगार घेऊन, सुट्ट्या घेऊन, पेन्शन घेऊन.

मामा : आणि म्हातारी एकटी.

भाची : एकट्यांची घरं तिथं खूप आहेत, हे खरं. सगळे दुःखी आहेत असं मात्र नाही.

मामा : तू कर भरशील तेवढा? स्वीडनएवढा?

भाची : आपल्याकडं सरकारनं दुसरंच केलंय. कुटुंबाचं गुणगान गायचं आणि काम कुटुंबावर टाकायचं. आणि कुटुंबानं केलं नाही तर कायदा. आईबापांना सांभाळण्याचा २००७ चा कायदा तुम्हाला ठाऊक आहे.

मामा : प्रांत ऑफिसच्या शेजारीच बसायचो. आईबाप अर्ज घेऊन यायचे. महिना दहा हजारांपर्यंत पोटगी मिळू शकते. वकील चालत नसे, स्वतः बोलायचं. त्यांना बोलता येत नसे. पोराकडं बघायचे आणि अर्ज मागं घ्यायचे. सिंगापूर, चीन, सगळीकडं असे कायदे झालेत म्हणे.

भाची : चीननं २०१३ साली तर आईबापांना वरचेवर भेटायला जा असंच कायद्यात घातलं. पण आपल्या कायद्यातलं मला एक आवडतं. सांभाळण्याच्या अटीवर मुलाला घर बक्षीस दिलं आणि त्यानं सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करता येतं. घर आणि सांभाळणं कायद्यानं एकमेकांना बांधलं. खासींच्या धाकट्या मुलीसारखं.

मामा : आता माझं ऐक. त्याच कायद्यात मुलं म्हणजे कोण ते लिहिलंय. मुलगा, मुलगी, नातू, नात. मुलगी म्हणजे तुझी आई आणि नात म्हणजे तू. बहिणीला हिस्सा हवा असेल तर मी नाही कसं म्हणू? कायदा आहे. पण अक्का दिवाळीला येते, आईच्या उशाशी बसून रडते आणि भाऊबीज झाली की पुण्याला जाते. तिचं रडणं खोटं नाही. पण रडणं आणि धुणं वेगळं. वाटणीचा कायदा झाला, सांभाळायचा कायदा झाला. रात्री तीन वाजता कुणी उठायचं हे कुठल्या कायद्यात लिहिशील?

भाचीकडं ह्याचं उत्तर नव्हतं. ती म्हणू शकली असती, तुम्हीही उठत नाही मामा. म्हणाली नाही. तेवढ्यात जी रोज उठते ती बाई आजीचं अंग पुसून मागच्या खोलीतून बाहेर आली.

मामी : मघापासून ऐकतेय. केरळ झालं, जपान झालं. आमच्या मागच्या खोलीत यायला तुम्हाला बराच वेळ लागला.

भाची : मामी, मी तेच म्हणत होते की सुनेवर...

मामी : म्हणालीस. चांगलं बोलतेस तू. पण बोललीस ती अक्कांना हिस्सा मिळावा म्हणून. सही केली तर जमीन ह्यांची, नाही केली तर ह्यांची आणि अक्कांची. मी दोन्हीकडनं बाहेर. ह्या माणसानं रेशनचा नवा कायदा आल्यावर तालुकाभर कार्डांवर बायकांना कुटुंबप्रमुख केलं. घरात सगळ्यांत मोठी बाई ती प्रमुख, सांगत फिरले. घरच्या सातबाऱ्यावर माझं नाव लावायला कुठला कायदा आडवा आला?

मामा : लक्ष्मीमुक्तीच्या वेळी आपण बोललो होतो...

मामी : शेतकरी संघटनेचं चांदवडचं अधिवेशन झालं १९८६ ला, तेव्हा सासूबाई ट्रकमधनं गेल्या होत्या. घरधनिणीच्या नावावर जमीन करा म्हणून नंतर संघटनेच्या शरद जोशींनी गावोगाव सांगितलं, तीच लक्ष्मीमुक्ती. सासूबाईंचा लाल बिल्ला अजून कपाटात आहे. जमीन मामंजींच्या नावावरच राहिली. आता त्या पडून आहेत आणि त्यांच्या नावानं वारसनोंद चाललीय. नवरा मेल्यावर बाईला नाव मिळालं.

भाची : गोव्यात असतात ना मामी, तर लग्न झाल्या दिवसापासून निम्म्याच्या मालकीण. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला नियम. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांचं सगळं सामाईक.

मामी : गोव्यातल्या बाईला सासूचं करावं लागत नाही का?

भाची : लागतं.

मामी : मग नावानं काम कमी होत नाही. पण नाव असलं की माणूस विचारून बोलतो.

मामी पुन्हा आत गेल्या, कारण आजीनं हाक मारली होती. इथं मला स्वतःचं एक म्हणायचं आहे. आपल्या कायद्यात बहीण सापडते, मुलगी सापडते, नातसुद्धा सापडते. जिच्या हातून हे सगळं होतं ती सून २००७ च्या कायद्याच्या ‘मुलं’ ह्या व्याख्येतही नाही आणि सासू-सासऱ्यांच्या वारसांत ती येते ती नवरा आधी मेला तरच. सुनेलाही जबाबदार धरावं असं दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये संसदेत आलं. जबाबदारीत तिला घ्यायचं सुचलं, वारशात घ्यायचं कुणाला सुचलं नाही. समाज बदलतो तेव्हा हक्काची वही एक माणूस लिहितो आणि कामाची वही दुसराच माणूस भरतो. मलबारात तेच झालं, किबुत्झांत थोडंफार तेच झालं. मामा-भाचीचं भांडण ह्या दोन वह्यांचं होतं आणि आता तिसरी व्यक्ती दोन्ही वह्या घेऊन उभी होती.

मामा : (आवाज खाली आणून) आता काय करायचं म्हणतेस?

भाची : मघाशी तुम्हीच म्हणालात, जो सांभाळेल त्याचं घर. मग मामींचं नाव लागू द्या तुमच्या हिश्शात.

मामा : माझ्या हिश्शात? आणि अक्काचा हिस्सा जसाच्या तसा?

भाची : आईचा हिस्सा कागदावर राहील. जमीन तोडायची नाही. तुम्हीच कसा. तिच्या हिश्शाच्या उसाचे पैसे येतील त्यातून आधी आजीसाठी रात्रीची बाई ठेवायची. उरेल ते आईचं.

मामा : उसाचं बिल कधी येतं ते तुला ठाऊक नाही. बाईला पगार महिन्याला द्यावा लागतो. आणि ह्या गावात रात्रीची बाई मिळत नाही. मिळाली तरी तिची सासू तिच्या घरी पडून असते.

भाची : मग आजी काही महिने आमच्याकडे.

मामा : पुण्यात? दुसरा मजला, लिफ्ट नाही.

भाची : खुर्चीवरून वर नेऊ. चौघं लागतील.

मामा : चौघं मी देतो इथनं. किती महिने?

भाची : चार.

मामा : हिस्सा तिसरा, महिने चार. बरोबर आहे हिशोबानं. कधीपासनं? जूनपासनं ने. पावसाळ्यात मागच्या खोलीत ओल येते.

भाची : जूनमध्ये नको मामा, माझे पेपर तपासायचे असतात. जुलैपासून...

मामा : नीता, तुझ्या मामीला पेपर नसतात, पण तिच्या बहिणीच्या पोराचं लग्न आहे जूनमध्ये आणि ती जाणार नाही असं तिनं कालच सांगून टाकलंय.

भाची : कधी आहे लग्न?

मामा : बारा तारखेला.

भाची : मग दहाला गाडी पाठवते. आणि फेरफारला मामींचं नाव घालायचा अर्ज तुम्ही त्याआधी द्यायचा.

मामा : आधी आजीला वर तर चढवा.

भाची : आधी अर्ज.